टेबल सॉ की सर्क्युलर सॉ? लाकूड सरकवायचं की मशीन?

घरी सुतारकाम करणाऱ्याची पहिली मोठी खरेदी बहुधा कापायच्या मशीनची असते. ड्रिल आधीच घरात असतं, जिगसॉ कुणाकडून तरी उसना मिळतो, पण प्लायची सबंध शीट सरळ फाडायची म्हटलं की हातकरवतीचा उत्साह दोन फुटांत संपतो. मग चौकशी सुरू होते आणि दोन पक्ष समोर येतात. एक म्हणतो, थेट टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर आलेलं मशीन) घ्या, एकदाच काय तो खर्च. दुसरा म्हणतो, सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायची गोल ब्लेडची करवत) आणि ती सरळ चालवायला गाईड रेल, बास झालं. व्हिडिओ बघावेत तर ते अमेरिकेतल्या दोन गाड्यांच्या गॅरेजमधले. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा फुलेवाडीतल्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते गणित तसंच्या तसं बसत नाही.

टेबल सॉ ‘जोरात’ कापतो म्हणून घ्यावा, हा मुद्दा आधी बाजूला ठेवा. मिनिटाला ३६५० फेऱ्यांवर फिरणाऱ्या १० इंची ब्लेडचा दात आणि ५००० फेऱ्यांवर फिरणाऱ्या ७¼ इंची ब्लेडचा दात, दोन्ही सेकंदाला साधारण ४८ मीटर पळतात, म्हणजे ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. कापाच्या खोलीत फरक आहे, टेबल सॉ ७५ ते ८० मिमी उतरतो आणि सर्क्युलर सॉ ६० ते ६५. पण दोन इंचांपेक्षा जाड माल घरच्या कामात येतो कितीदा? खरा फरक एवढाच की एकात मशीन जागेवर राहतं आणि लाकूड सरकतं, दुसऱ्यात लाकूड जागेवर राहतं आणि मशीन सरकतं. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. जे जड आणि मोठं आहे ते पडून राहू द्यावं, हलकं असेल ते सरकवावं.

८ × ४ फुटांची १८ मिमी प्लायची शीट ३० ते ३५ किलो भरते. घरगुती टेबल सॉ स्टँड सोडून २२ ते २६ किलोचे असतात. म्हणजे मशीनपेक्षा जड वस्तू मशीनवरून एकट्याने ढकलायची. शीट अर्धी पुढे गेली की तिचा तोल जातो, स्टँडची तुमच्याकडची बाजू उचलते आणि ब्लेड फिरतंच असतं. शिवाय आठ फुटांची शीट ढकलायला ब्लेडच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळी जागा लागते. गुंठ्या-दोन गुंठ्यातल्या घरात सोळा-सतरा फुटांची सलग मोकळी जागा म्हणजे गाडी बाहेर काढली तरच.

सर्क्युलर सॉला ही जागा लागत नाही. फरशीवर दोन इंची थर्माकोलचे तुकडे पसरा, त्यावर शीट आडवी टाका, ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा दोन सूत जास्त ठेवा आणि गुडघ्यावर बसून कापा. ब्लेड थर्माकोलमध्ये थोडं घुसतं, बिघडत काही नाही. कापलेला तुकडा खाली पडत नाही की मध्येच ब्लेड आवळत नाही. प्लायची चांगली बाजू मात्र खाली ठेवायची, कारण या मशीनचे दात खालून वर येतात आणि चिरफळ्या वरच्या बाजूला निघतात. टेबल सॉवर नेमकं उलट.

आता रेल. कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या रेल सुरेख असतात, पण १४०० मिमीची एक रेल आठ फुटांना पुरत नाही. दोन घेऊन जोडाव्या लागतात आणि जोडावर बाक राहिला की सगळी शीट वाकडी. त्यात आपल्याकडच्या प्रत्येक सर्क्युलर सॉचा बेस रेलवर बसतोच असं नाही. पहिल्या वर्षाला घरी केलेली पट्टी पुरते, आणि ती करायलाही अर्धा तासच लागतो. ६ मिमी प्लायची फूटभर रुंद, शीटइतकी लांब पट्टी घ्या. तिच्यावर १२ मिमी प्लायची तीन-चार इंची पट्टी फेव्हिकॉल आणि स्क्रू लावून बसवा, कारखान्यातून आलेली सरळ कड मशीनच्या बाजूला येईल अशी. मग मशीनचा बेस त्या कडेला टेकवून एकदा पूर्ण लांबी कापून काढा. खालच्या पट्टीचा जादा भाग ब्लेडच उडवतं आणि जी कड उरते तीच तुमच्या ब्लेडची रेषा. पुढे ही कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची, दोन टोकांना क्लॅम्प मारायचे आणि फाडायचं. बेसपासून ब्लेडपर्यंतचं अंतर दर वेळी मोजत बसायला नको. शिवाय ती कड प्लायला दाबून धरते, म्हणून त्या बाजूच्या चिरफळ्याही जवळपास बंद होतात. फक्त खोली पूर्ण उतरवल्यावर मोटरचा फुगवटा वरच्या पट्टीला अडत नाही ना, ते आधी बघा. वेगळ्या जाडीचं ब्लेड लावलं तर पट्टी नवी करावी लागते.

मग टेबल सॉ घ्यायचाच कशाला? पट्ट्यांसाठी. देव्हाऱ्याच्या चौकटी, फोटोफ्रेम, ड्रॉवरचे डबे, जाळीच्या पट्ट्या, असलं काम असेल तर सर्क्युलर सॉ हात टेकतो. एक इंच रुंद पट्टीवर त्याचा बेस टेकणार कशावर? टेबल सॉवर फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची ब्लेडला समांतर पट्टी) एकदा एक इंचावर लावला की पहिली पट्टी आणि विसावी पट्टी मापात एकसारखी निघते. टेबलच्या खाचेत सरकणारा लाकडी स्लेड (तुकडा धरून ब्लेडवरून न्यायचा पाट) केला आणि गुण्या लावून तपासला की बारक्या तुकड्यांचे काटकोनही बिनचूक येतात. इथे तुलना संपते, टेबल सॉ सरळ जिंकतो.

सागवानाच्या भरीव मालाचं थोडं वेगळं. टिंबर मार्केटमधून घनफुटाने घेतलेला जाड माल घरी फाडायच्या फंदात पडू नका, सॉ मिलवर फाडणी करून आणा. तिथल्या बँड सॉला जे काम किरकोळ आहे, त्यात तुमच्या मशीनची मोटर तापून वास सुटतो. जुन्या वाड्याचं लाकूड मिळालं तर सोनंच, पण आत तुटलेले खिळे असतात आणि कार्बाइडच्या टोकाचा दात खिळ्यावर तुटून उडतो. माल कापण्याआधी तगडं चुंबक चारी बाजूंनी फिरवावं.

तिसरा पर्याय सगळ्यांच्या मनात असतो म्हणून त्याबद्दल बोलतोच. सर्क्युलर सॉ किंवा मार्बल कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बांधायचा आणि त्यालाच टेबल सॉ म्हणायचं. बांधकामांवर हे सर्रास दिसतं. मी ते घरात कुणालाच करू देणार नाही. टेबल सॉमध्ये ब्लेडच्या मागे कापाच्या रुंदीपेक्षा किंचित पातळ अशी पोलादी पाती असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. लाकूड कापलं जाताना आतला ताण सुटतो, दोन्ही फाका मिटायला लागतात आणि ब्लेडला आवळतात. ब्लेडच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात, ते लाकूड उचलून थेट तुमच्या पोटाकडे फेकतात. ती पाती फाका मिटू देत नाही. उलट्या बांधलेल्या मशीनला ती नसते, गार्ड नसतो, आणि बटण टेबलाखाली दाबून बांधलेलं असतं. उद्यमनगरातल्या कारखान्यांत बिडाचं टेबल आणि दोन एचपीची मोटर लावून मजबूत मशीन बनवून घेता येईल, बीड ओतण्यात आपल्या गावाचा हात कोण धरणार? पण रायव्हिंग नाइफ आणि हाताशी बंद करायचा स्विच नसेल तर त्या मजबुतीचा उपयोग नाही.

आता कोल्हापूरपुरता मुद्दा. मशीन कुठे राहणार? नदीकाठच्या पेठांत तळमजल्याला काम करत असाल तर २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतीलच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, आणि या दोन आकड्यांच्या मधल्या वेळात सामान वर चढवायचं असतं. चार-पाच किलोचा सर्क्युलर सॉ पिशवीत घालून जिना चढता येतो. टेबल सॉला दोघं जण लागतात, बिडाचं टेबल तर जागचं हलत नाही. पूर नाही आला तरी पावसाळ्याचे चार महिने दमट असतात. बिडाच्या टेबलावर रात्रीत तांबूस थर चढतो, त्याला मेण चोळून झाकून ठेवावं लागतं. बहुतेक घरगुती टेबल सॉचं टेबल ॲल्युमिनियमचं असतं, त्याला ही कटकट नाही.

विजेचं फार अवघड नाही. १८०० वॉटचं मशीन चालताना आठ अँपिअरच्या आसपास ओढतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मोठ्या सॉकेटवरच लावा आणि बारीक तारेची लांब एक्स्टेंशन टाळा. घरच्या इन्व्हर्टरवर यातलं काहीच चालवू नका. लाइट वरचेवर जात असेल तर १८ व्होल्टचा बॅटरीवरचा सॉ आहे, पण ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॉट-तासच वीज असते. दोन-चार शीटच्या कामाला ठीक, दिवसभराच्या कामाला नाही. त्याच कंपनीचा बॅटरी ड्रिल घरात असेल तर विचार करा, नाहीतर वायरवालाच बरा.

टेबल सॉ घ्यायचं ठरलंच तर दुकानात एक गोष्ट करून बघा. प्लग काढलेला असताना ब्लेडच्या एका दातावर खडूने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलच्या खाचेपासूनचं अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. फरक आला तर ब्लेड खाचेला समांतर नाही, मग काप जळका येणार आणि लाकूड आवळणार. ते सुधारायची सोय मशीनमध्ये आहे का, ते विचारा. मग फेन्स लावून लॉक करा आणि मागचं टोक हाताने हलवून बघा. हललं तर पुढचं मशीन दाखवायला सांगा, वॉट कितीही असोत. ब्लेड घेतानाही मधल्या भोकाचं माप बघून घ्या. २०, २५.४ आणि ३० मिमी तिन्ही बाजारात आहेत आणि दुकानदार पटकन देऊन टाकतो.

किमतीचं ढोबळ बोलायचं तर चांगल्या कंपनीचा सात इंची सर्क्युलर सॉ दहा हजारांच्या आतबाहेर येतो, टेबल सॉ त्याच्या चौपट-पाचपट. वॉर्डरोब, पलंग, किचनच्या ट्रॉल्या करणाऱ्याने सर्क्युलर सॉ घ्यावा. वाचलेल्या पैशात ६० दातांचं एक ब्लेड, चार दणकट क्लॅम्प, कानाला प्लग आणि धूळ ओढायला व्हॅक्यूम एवढं सगळं बसतं. व्हॅक्यूम चैन नाही; लाकडाच्या भुशाची जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंद केली आहे, आणि पार्किंगमधला भुसा शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो तो निराळाच. फ्रेम आणि डबे करणाऱ्याने टेबल सॉकडे जावं, पण शीट फाडायला सर्क्युलर सॉ त्यालाही पुढेमागे घ्यावाच लागेल. एक-दोनच शीटचं काम असेल तर दोन्ही राहू द्या, प्लायवाल्याकडून मापात कापून आणा.