क्रोमियम बरोबर, कार्बन गायब: ४४०सी च्या नावाखाली आलेलं ४३०

मागणी होती ४४०सी च्या, म्हणजे तापवून-विझवून कडक होणाऱ्या स्टेनलेस पोलादाच्या, २५ मिमी सळईची. टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन १.०२, क्रोमियम १६.८ असं व्यवस्थित छापलेलं होतं. माल आत घेताना एक्स-रे गन (धातूतली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं यंत्र) लावली, तिनेही क्रोमियम साडेसोळाच्या वर दाखवलं. चुंबकही चिकटला. माल पास झाला, टर्निंग झालं, ड्रिलिंग झालं, सगळे नग भट्टीत गेले आणि बाहेर आले ते २० एचआरसीच्या (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) आसपास. हवे होते ५८ ते ६०. पुरवठादाराने भट्टीवाल्याकडे बोट दाखवलं, भट्टीवाला म्हणाला मालच खोटा आहे. भट्टीवाल्याचं म्हणणं खरं होतं, पण तोवर मशीनिंगचा सगळा खर्च पाण्यात गेला होता.

सळई ४३० ची होती. ४३० फेरिटिक आहे, म्हणजे भट्टीत नीट कडक न होणारं स्टेनलेस. त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, म्हणजे ४४०सी इतकंच. तीही चुंबकाला धरते. फरक फक्त कार्बनचा: ४४०सी ला ०.९५ ते १.२० टक्के लागतो, ४३० मध्ये जास्तीत जास्त ०.१२ असतो. पोलाद पाणी घेतं, म्हणजे विझवल्यावर कडक होतं, ते कार्बनच्या जोरावर, आणि हातात धरायची एक्स-रे गन कार्बन मोजूच शकत नाही. कार्बनचे किरण इतके दुबळे असतात की ते डिटेक्टरपर्यंत पोचतच नाहीत. फसवणारा याच जागेचा फायदा घेतो. मॉलिब्डेनमवरून संशय येऊ शकतो, पण ४४०सी च्या मानकात त्याला ०.७५ ही फक्त वरची मर्यादा आहे. त्यामुळे ते सापडलं नाही म्हणून माल खोटा ठरवता येत नाही.

चुंबकावर विसंबू नका, हे पुन्हा सांगायला हवं. मार्टेन्सिटिक ग्रेड (तापवून-विझवून कडक होणारे) नरम असो वा कडक, चुंबकाला धरतातच. चुंबकाने ३०४ (चुंबकाला न धरणारं स्टेनलेस) वेगळं काढता येतं. ४१०, ४२०, ४३० आणि ४४०सी एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

दुसरा प्रकार ४२० चा, आणि तो जास्त चलाखीचा आहे. अमेरिकन पद्धतीच्या ४२० मध्ये कार्बनची फक्त खालची मर्यादा दिलेली आहे, ०.१५ टक्के. वरची नाहीच. म्हणून पात्यांसाठी ४२० मागवलं आणि ०.१८ कार्बनचा माल आला, तर पुरवठादार कागदावर निर्दोष सुटतो. मागणीपत्रावर नुसतं ४२० लिहू नका, युरोपियन क्रमांक लिहा. १.४०२१ मध्ये कार्बन ०.१६ ते ०.२५, १.४०२८ मध्ये ०.२६ ते ०.३५, १.४०३४ मध्ये ०.४३ ते ०.५०. पहिल्याचं पातं ५० एचआरसीच्या पुढे नेणं कठीण, शेवटचं ५५ च्या घरात जातं. तीनही ४२० च्याच नावाने विकले जातात.

सर्टिफिकेट किती खरं आहे हे कळायला नग बनवण्याआधीची एक चाचणी पुरते. प्रत्येक सळईच्या टोकाचा १० ते १२ मिमीचा तुकडा कापा. गठ्ठ्यातून एकच सळई तपासून भागत नाही, कारण भेसळ गठ्ठ्याच्या आत असते. तुकडा स्टेनलेसच्या पातळ फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, आधी ७६०–७९० अंशांवर समतापमान होऊ द्या, मग १०४० अंश सेल्सिअसवर नेऊन तिथे २० ते ३० मिनिटं ठेवा आणि तेलात विझवा. टेम्परिंग (विझवल्यानंतर कमी तापमानाला पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवणं) करू नका. दोन्ही बाजू अर्धा मिमी ग्राइंड करून समांतर करा आणि कडकपणा मोजा. ४१० साधारण ४० ते ४५ दाखवेल, ४४०सी ५८ च्या वर. ४३० खालीच राहील, आणि तिथे वादाला जागा उरत नाही. ४४०सी चा असा तुकडा टेम्पर न केल्यामुळे फार ठिसूळ असतो. तो हातोडीने फोडायला जाऊ नका, डोळ्यांवर चष्मा ठेवा.

४४०बी आणि ४४०सी मात्र या चाचणीत एकमेकांच्या इतके जवळ येतात की खात्री देता येत नाही. तिथे स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवरच (ठिणगीच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) कार्बन मोजायला हवा. नमुना सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर घासू नका. त्याचा कार्बन पृष्ठभागात बसतो आणि आकडा फुगतो. अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा झिर्कोनिया वापरा.

भट्टीपर्यंत जायचीही गरज नसते अशी एक खूण आहे. अॅनील केलेली (तापवून हळू थंड करून नरम केलेली) ४४०सी बहुधा २२० ब्रिनेलच्या (कडकपणाचं दुसरं माप) वर असते, ४३० साधारण १६० च्या आसपास. सर्टिफिकेटवर कार्बन १.०२ आणि कडकपणा १६० ब्रिनेल असं एकत्र दिसलं, तर त्यातला एक आकडा खोटा आहे. टर्नरलाही विचारा. ४४०सी टूल खाते. सळई सुरळीत कापली गेली असेल तर शंका घ्या.

माल खरा असला तरी फसवणूक भट्टीत होऊ शकते, आणि ती शोधणं जास्त अवघड आहे. सगळ्यात वाईट प्रकार चुकीच्या तापमानाच्या टेम्परिंगचा. ४४०सी ला १५० ते ३७० अंशांमध्ये टेम्परिंग हवं, दोन-दोन तास, शक्यतो दोनदा. वेगळी बॅच लावायचा खर्च वाचवण्यासाठी काही जण तुमचे नग दुसऱ्या टूल स्टीलबरोबर ५०० अंशांच्या आसपास टाकतात. कडकपणा फारसा पडत नाही, कारण त्या तापमानाला बारीक कार्बाइड तयार होऊन तो धरून ठेवतात. रिपोर्ट छान दिसतो. पण त्या कार्बाइडांत क्रोमियम अडकतं, नग गंजतो आणि ठिसूळही होतो. ४२५ ते ५६५ अंशांचा पट्टा या पोलादांना टाळायचाच असतो. ही चूक कडकपणाच्या आकड्यातून दिसत नाही, गंजातून दिसते. एक नग स्वच्छ करून डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा, त्याच पाण्यात तीन तास थंड होऊ द्या आणि पुसून बघा. शेजारी १८० अंशांवर टेम्पर केलेला, तितकाच पॉलिश असलेला तुमचा नमुना ठेवा.

टेम्परिंग केलंच नाही, असंही होतं. तेव्हा कडकपणा उलट जास्त येतो आणि ग्राहक खूश होतो. तडे काही दिवसांनी जातात. संशय आला तर एक नग १८० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा मोजा. आधी २०० अंशांवर टेम्परिंग झालं असेल तर आकडा हलत नाही. दोन-तीन अंक खाली आला तर ते झालेलंच नव्हतं.

तिसरी तपासणी ग्राइंडरवरची. एका कोपऱ्यातून ०.३ ते ०.५ मिमी काढून पुन्हा मोजा. आकडा चार-पाच अंकांनी वाढला तर नग उघड्या भट्टीत संरक्षणाशिवाय तापवला होता आणि कातडीतला कार्बन जळून गेला आहे. आकडा धाडकन पडला तर ते आतपर्यंत कडक झालेलं पोलाद नाही, वरून नायट्राइड केलेलं (नायट्रोजन मुरवून फक्त कातडी कडक केलेलं) ४१० किंवा ४२० आहे. अशा नगावर कानस सरकते, म्हणून बघणारा फसतो. शिवाय नायट्राइडिंगमध्ये क्रोमियम नायट्राइड होऊन बसतं आणि गंजरोधकपणा जातो. फक्त कानस लावून माल स्वीकारणं सोडून द्या.

मागणीपत्रावर या गोष्टी लिहून घ्या: ईएन १०२०४ चं ३.१ प्रकारचं सर्टिफिकेट (२.२ नव्हे, ते तुमच्या मालाच्या तपासणीचं नसतं), प्रत्येक सळईवर सर्टिफिकेटशी जुळणारा हीट नंबर (पोलाद ज्या वितळणीतून आलं तिचा क्रमांक), भट्टीच्या त्याच बॅचचा तापमान-वेळ चार्ट, आणि विझवण्याचं माध्यम. कापलेल्या तुकड्याचे दोन भाग करा. एकाची चाचणी घ्या, दुसऱ्यावर हीट नंबर कोरून, पुरवठादाराच्या माणसाची सही असलेल्या सीलबंद पाकिटात ठेवा. सही माल उतरवतानाच घ्या, कारण नग कापून झाल्यावर ती मिळत नाही.