खेळाडू घडतो की फक्त आकडा वाढतो? – तीन फुटबॉल गेम्सचे परीक्षण

फुटबॉलच्या गेम्समधील वास्तवतेची चर्चा बहुधा गवताच्या छटा, जर्सीच्या सुरकुत्या आणि खेळाडूंचे हुबेहूब चेहरे यांच्यापाशी येऊन थांबते. या परीक्षणात मी त्या गोष्टी बाजूला ठेवल्या आहेत, कारण एकच संघ घेऊन दहा-बारा हंगाम खेळणाऱ्याला पडणारा प्रश्न वेगळा असतो. अकादमीतून सतराव्या वर्षी वर आलेला मुलगा चोविसाव्या वर्षी खरोखर वेगळा खेळतो का, आणि तो तसा का खेळू लागला याचे उत्तर त्याच्या मधल्या सात वर्षांत सापडते का? ‘ईए स्पोर्ट्स एफसी २६’, ‘फुटबॉल मॅनेजर २६’ आणि ‘ईफुटबॉल’ हे तीन गेम्स मी या एकाच कसोटीवर तपासले आहेत. तपासताना एक गोष्ट पक्की होत गेली की, खेळाडूचा विकास आणि सामन्याची वास्तवता यांचे वेगवेगळे मोजमाप करता येत नाही. सामन्याचे इंजिन, म्हणजे सामना चालवणारी गेममधील संगणकीय यंत्रणा, ज्या गुणाला मैदानावर किंमत देते, तोच गुण वाढवण्यात अर्थ उरतो आणि बाकीच्या गुणांची वाढ कागदावरच राहते.

‘एफसी २६’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला. फिफाशी असलेला करार संपल्यानंतर २०२३ पासून या मालिकेचे नाव बदलले, परंतु मॅनेजर करिअरमधील, म्हणजे व्यवस्थापक होऊन अनेक हंगाम संघ सांभाळण्याच्या प्रकारातील, खेळाडूंच्या विकासाचा आजचा पाया ‘फिफा २१’मध्ये घातला गेला होता. प्रत्येक खेळाडूसाठी विकासाचा आराखडा निवडण्याची सोय त्या आवृत्तीत आली. विंगरला (कडेने चढाई करणाऱ्याला) आघाडीवर खेळण्यासाठी तयार करायचे, की बचावात्मक मिडफिल्डरचे (मधल्या फळीतील खेळाडूचे) पासिंग सुधारायचे, की फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) मधल्या फळीत आणायचे, हे व्यवस्थापक ठरवतो आणि वय, मिळालेले सामने, फॉर्म व अंगभूत क्षमता यांनुसार त्या खेळाडूचे गुण वाढत जातात. ही व्यवस्था समजायला सोपी आहे, तिच्यामुळे राखीव फळीतील खेळाडूंकडेही लक्ष जाते, आणि नवख्या गेमरला खेळाडूंच्या जडणघडणीची गोडी लावणारी याहून चांगली वाट मला दुसरी दिसत नाही.

माझा आक्षेप तिच्यातील निश्चिततेवर आहे. खेळाडूची जागा बदलायला घेतली की ते काम पूर्ण व्हायला किती आठवडे लागतील, हे पडद्यावर लिहून येते. ही गती कमीजास्त होत असली तरी दिशा जवळजवळ ठरलेली असते. प्रत्यक्षात मुलगा नव्या जागेवर कित्येक सामने चाचपडतो, एखादा ज्येष्ठ खेळाडू जायबंदी झाल्यामुळे त्याला अनपेक्षितपणे सलग संधी मिळते आणि मग कधीतरी त्याला सूर सापडतो, तर काहींना तो कधीच सापडत नाही. कोणत्याही प्रशिक्षकाला आधी तारीख सांगता येणार नाही अशी ही प्रक्रिया आहे. सरावाच्या बाबतीतही हेच घडते. एखादा सराव एकदा स्वतः खेळून उत्तम श्रेणी मिळवली की पुढे तीच श्रेणी आपोआप लागू करता येते. त्यामुळे वेळ वाचतो हे मान्य, पण सराव हा खेळाडूने करायचा असतो आणि त्याचे फळ त्या खेळाडूच्या वृत्तीवर अवलंबून असते, ही गोष्ट येथे पूर्णपणे हरवते. आळशी गुणवंत आणि कष्टाळू मध्यम खेळाडू यांच्यातील फरक हा फुटबॉलमधील सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे, आणि या गेममध्ये तो जवळजवळ नाहीच.

सामन्याच्या बाबतीत मात्र ‘एफसी २६’ने एक फार आवश्यक पाऊल उचलले आहे. ऑनलाइन स्पर्धेसाठी एक आणि करिअरसाठी दुसरी, अशा ‘कॉम्पिटिटिव्ह’ व ‘ऑथेंटिक’ या दोन स्वतंत्र खेळपद्धती त्यात आहेत. ऑनलाइन खेळणाऱ्याला बटण दाबताच प्रतिसाद हवा असतो, तर करिअर खेळणाऱ्याला सामना श्वास घेत पुढे सरकायला हवा असतो. या दोन्ही गरजा एकाच इंजिनवर लादल्यामुळे अनेक वर्षे करिअर खेळणाऱ्यांचेच नुकसान होत आले. ‘ऑथेंटिक’ पद्धतीत चेंडू मधल्या फळीत अधिक वेळ राहतो, आणि धावत सुटणाऱ्या एकट्या विंगरच्या जोरावर सामना जिंकणे पूर्वीइतके सोपे राहत नाही.

वेग हाच सर्वांत महत्त्वाचा गुण का होऊन बसतो, याचे मूळ वेळेच्या हिशोबात आहे. मैदान खऱ्या मापाचे, म्हणजे सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, पण सामन्याचा अर्धा भाग सर्वसाधारणपणे सहा मिनिटांचा असतो. नव्वद मिनिटांचा खेळ बारा मिनिटांत बसवायचा आणि तरीही गोलसंख्या खऱ्यासारखी दिसायला हवी. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले होते, म्हणजे सामन्यामागे तीनपेक्षाही कमी. तेवढे गोल बारा मिनिटांत व्हायचे असतील, तर चेंडू प्रत्येक मिनिटाला प्रत्यक्षातल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा गोलपर्यंत पोहोचायला हवा. अशा स्थितीत संयमाने चेंडू फिरवणाऱ्या मिडफिल्डरपेक्षा सुसाट धावणारा खेळाडू अधिक उपयोगी ठरतो, आणि मग अकादमीतही आपण तसाच मुलगा शोधू लागतो. वेगाचे हे प्राबल्य मोडण्यासाठी ‘फिफा २३’मध्ये प्रवेग घेण्याच्या तीन वेगवेगळ्या धाटण्या आणल्या होत्या, परंतु सुरुवातीला लांब टांगांचे उंच खेळाडूच त्यात इतके वरचढ ठरले की एका असमतोलाची जागा दुसऱ्या असमतोलाने घेतली. अर्ध्या भागाची लांबी दहा-बारा मिनिटे केली आणि स्लायडरमधून, म्हणजे सामन्याचे घटक कमीजास्त करण्याच्या सेटिंगमधून, धावण्याचा वेग थोडा कमी करून पासमधील चुका वाढवल्या, तर हा प्रश्न बराच सुटतो. ज्याचे पासिंग पाच वर्षे घासूनपुसून वाढवले त्या खेळाडूची किंमत तेव्हा कुठे मैदानावर दिसू लागते.

एक अडचण मात्र कोणत्याही स्लायडरने दूर होत नाही. कंट्रोलर हातात असताना निर्णय आपण घेतो. पास कधी द्यायचा, कोणाला द्यायचा, कधी थांबायचे हे आपले डोके ठरवते, त्यामुळे खेळाडूच्या समजुतीत झालेली वाढ त्याच्या पायातून दिसायला फारच कमी वाव उरतो. दिसतो तो चेंडूचा पहिला स्पर्श, फटक्यातील चूक आणि धक्का सोसण्याची ताकद. म्हणून अशा गेममध्ये विकासाची खरी परीक्षा त्या क्षणी आपण न चालवणाऱ्या दहा खेळाडूंवर होते. ‘एफसी २५’मध्ये आलेल्या ‘एफसी आयक्यू’ या व्यवस्थेने येथे चांगली सुरुवात केली. प्रत्येक खेळाडूला भूमिका मिळाली आणि चेंडू पायाशी नसताना तो कुठे सरकेल, हे त्या भूमिकेवरून ठरू लागले. आपल्या भूमिकेत मुरलेला मिडफिल्डर पास घेण्यासाठी योग्य मोकळ्या जागेत आलेला दिसतो, तेव्हा त्याची वाढ आकड्याबाहेर पडून खेळात उतरली असे म्हणता येते. देहबोलीच्या बाबतीत मात्र अजून उणीव आहे. ‘एफसी २४’पासून १८० हून अधिक खऱ्या सामन्यांतून टिपलेल्या हालचालींचा वापर होत असल्यामुळे नामांकित खेळाडू आपापल्या ढबीने धावतात, पण अकादमीतून आलेल्या काल्पनिक मुलाला असा स्वतःचा डेटा असूच शकत नाही. तो कितीही मोठा झाला तरी त्याची चाल कोणाचीही असावी तशीच राहते.

‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये आपण खेळाडू चालवतच नाही, आणि म्हणूनच त्याला ही अडचण नाही. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हच्या या मालिकेची मुळे १९९२ च्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’पर्यंत जातात. तिच्यात प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० या पट्टीवर मांडलेले असतात आणि त्यांच्यामागे सध्याची क्षमता व कमाल क्षमता हे २०० पर्यंत जाणारे दोन आकडे दडलेले असतात. सध्याची क्षमता एखाद्या अंदाजपत्रकासारखी वापरली जाते. त्या त्या जागेला महत्त्वाचा गुण वाढवायचा तर अधिक खर्च पडतो, दुसऱ्या पायाने उत्तम खेळता येण्याचीही किंमत मोजावी लागते, आणि त्यामुळे एकसारख्याच क्षमतेचे दोन खेळाडू अगदी निराळे असू शकतात.

या गेमचे खरे बळ मात्र न दिसणाऱ्या गुणांत आहे. व्यावसायिक वृत्ती, महत्त्वाकांक्षा, दडपण सोसण्याची ताकद, खेळातील सातत्य, दुखापतींची प्रवृत्ती या गोष्टी पडद्यावर आकड्यांत येत नाहीत, प्रशिक्षकांच्या शब्दांतून आणि खेळाडूच्या वागण्यातून त्यांचा अंदाज बांधावा लागतो. व्यावसायिक वृत्ती कमी असलेला गुणवान मुलगा उत्तम सोयी असूनही अडखळतो, आणि दुसरा एखादा शांतपणे दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकतो. ‘फुटबॉल मॅनेजर २०१९’पासून ज्येष्ठ खेळाडूंच्या गटात तरुणाला ठेवून त्याच्या स्वभावाला वळण लावता येते. अगदी कोवळ्या वयात प्रशिक्षण आणि सोयी अधिक महत्त्वाच्या ठरतात, तर अठरा-एकोणीसनंतर प्रत्यक्ष सामने मिळाले नाहीत तर वाढ खुंटते. दुसऱ्या संघाकडे उसना पाठवलेला मुलगा वर्षभर बाकावर बसून परत आला तर ते वर्ष खरोखर वाया गेलेले असते. मुलगा का घडला किंवा का फसला, याचे कारण मागे वळून शोधता येते, आणि मला या तिन्ही गेम्समध्ये हीच गोष्ट सर्वाधिक मोलाची वाटते.

तरीही एक मूलभूत त्रुटी येथेही आहे. कमाल क्षमता एकदा ठरली की त्या खेळापुरती ती बदलत नाही. काही तरुणांसाठी ती एका ठरावीक टप्प्यात यदृच्छेने निवडली जाते, म्हणून प्रत्येक नव्या खेळात थोडी अनिश्चितता येते, पण सुरुवात झाल्यावर छत कायमचे असते. इंग्लंडचा आघाडीपटू जेमी वार्डी २०१२ मध्ये लेस्टर या तिथल्याच क्लबकडे आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि त्यापूर्वी व्यावसायिक लीगच्या बाहेरच्या संघांकडून खेळत होता. २०१६ मध्ये तो प्रीमियर लीग ही इंग्लंडची अव्वल साखळी स्पर्धा जिंकणाऱ्या संघाचा प्रमुख आघाडीपटू होता. २०१२ च्या वार्डीला कोणत्या गेमने एवढे उंच छत दिले असते? उलट बाजूने फ्रेडी अडूचे उदाहरण घेता येईल. चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या लीगमध्ये उतरलेला हा मुलगा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ खेळणाऱ्यांच्या पिढीसाठी भावी महान खेळाडू होता, पण प्रत्यक्षातील कारकीर्द त्या अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. या बाबतीत ‘ईए’ची मालिका एक पाऊल पुढे आहे, कारण ‘फिफा २०’पासून तिच्या करिअरमध्ये खेळाडूची कमाल क्षमता त्याच्या कामगिरीप्रमाणे वर-खाली होऊ शकते. ‘फुटबॉल मॅनेजर’चा खोल स्वभाव आणि ‘एफसी’चे हलणारे छत एकत्र आले, तर या प्रकारातील सर्वोत्तम व्यवस्था तयार होईल.

‘फुटबॉल मॅनेजर २५’ रद्द झाल्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘२६’कडून अपेक्षा फार होत्या. युनिटी या नव्या गेम-इंजिनमुळे खेळाडूंच्या हालचाली अधिक नैसर्गिक झाल्या आहेत, चेंडू आपल्याकडे असताना आणि नसताना दोन वेगळ्या रचना लावता येतात, आणि महिला फुटबॉल प्रथमच समाविष्ट झाले आहे. नवी मांडणी मात्र किचकट आहे. एखाद्या तरुणाच्या वर्षभराच्या प्रगतीचा आलेख पाहण्यासाठी इतके पडदे ओलांडावे लागणे, हे विकासावर उभ्या असलेल्या गेमला शोभत नाही.

‘ईफुटबॉल’बद्दल थोडक्यातच लिहिता येईल. चेंडू हा पायाला चिकटलेला नसून स्वतंत्र वस्तू आहे, ही जाणीव तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या गेम्सइतकी दुसरीकडे क्वचितच मिळते, आणि शरीराचा तोल, वळताना लागणारा वेळ व पासचे वजन यांत त्याचा दर्जा आजही वरचा आहे. पण खेळाडूच्या वाढीचे गुण तेथे आपणच गोलवरील फटके, पासिंग, ड्रिब्लिंग अशा खात्यांत वाटायचे असतात, त्यामुळे तो घडत नाही, आपण त्याला जुळवतो. कोनामीच्याच जुन्या ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’च्या मास्टर लीग या करिअर प्रकारात लवकर बहरणारे आणि उशिरा बहरणारे असे वाढीचे वेगवेगळे वक्र होते, आणि कास्तोलोसारख्या काल्पनिक, सामान्य खेळाडूंना घेऊन सुरुवात करावी लागे. तो वारसा सध्याच्या गेममध्ये उतरलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

उतारवयाचे चित्रण सहसा दुर्लक्षित राहते, पण तोही विकासाचाच भाग आहे. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिचने २०१८ मध्ये बॅलन डी’ऑर हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. वेग कमी होत असताना खेळाची समज वाढू शकते, हे ‘फुटबॉल मॅनेजर’ चांगले दाखवतो. तेथे शारीरिक गुण घसरत असताना मानसिक गुण टिकतात किंवा वाढतात, आणि पूर्वीच्या विंगरला मधल्या फळीत आणून त्याची कारकीर्द लांबवता येते. ‘एफसी’मध्येही शारीरिक घसरण आहे, पण सामन्यात वेगाला इतके महत्त्व असल्यामुळे ज्येष्ठ खेळाडूची समज त्या घसरणीची भरपाई करू शकत नाही आणि तिशी ओलांडलेले खेळाडू विकून टाकण्याकडेच कल होतो.

लांब पल्ल्याचा खेळ खेळायचा असेल आणि मांडणीतील किचकटपणा सोसण्याची तयारी असेल, तर ‘फुटबॉल मॅनेजर २६’ घ्यावा. खेळाडूंचे गुण आधीपासून उघडे दिसू नयेत, यासाठीची सेटिंग त्यात अवश्य चालू ठेवावी. ज्यांना सामना स्वतः खेळायचा आहे, त्यांच्यासाठी ‘ऑथेंटिक’ पद्धतीतील ‘एफसी २६’ हा तिन्हींपैकी योग्य पर्याय आहे, मात्र वर सांगितलेले बदल करून आणि एक पथ्य पाळून. तरुण खेळाडूंच्या कमाल क्षमतेचे आकडे इंटरनेटवर शोधू नयेत. गेम स्वतः तो नेमका आकडा दाखवत नाही, मुलगा होतकरू आहे किंवा असामान्य होऊ शकतो असे सुचवतो, आणि त्या अंदाजावर भरवसा ठेवून एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाला महत्त्वाच्या सामन्यात उतरवण्याचा निर्णय तेव्हाच खऱ्या प्रशिक्षकाच्या निर्णयाइतका अवघड होतो.