रिसीव्हर ते कॉम्प्युटर: सर-गार्डचा साचा घ्यावा की डीसी-०९?

अलार्म मॉनिटरिंगची कंट्रोल रूम उभारताना बहुतेक जण एवढंच विचारतात, की अलार्म आला की स्क्रीनवर दिसेल ना? ग्राहकांकडून येणारे अलार्म रिसीव्हर नावाचं यंत्र झेलतं आणि एका ठरलेल्या साच्यात, म्हणजे संदेशाच्या ठराविक रचनेत, कॉम्प्युटरकडे पाठवतं; सर-गार्ड आणि डीसी-०९ हे असे दोन साचे. अलार्म दोन्हींत दिसतो. खरा प्रश्न वेगळा आहे. रात्री अडीचपासून स्क्रीनवर काहीच आलेलं नाही, तेव्हा गावात शांतता आहे की केबल निघाली आहे, हे कोण सांगणार?

सर-गार्ड या ब्रँडच्या एमएलआर२ रिसीव्हरपासून चालत आलेला साचा या धंद्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअरना कळतो आणि इतर कंपन्यांचे रिसीव्हरही त्याची नक्कल करतात. संदेश असा येतो: ५०११ १८१२३४ई१३००१००३. ५ ही कॉन्टॅक्ट आयडीची (अलार्मचे कोड ठरवणाऱ्या पद्धतीची) खूण, ०१ रिसीव्हर, १ लाइन, १८ च्या पुढे १२३४ हा ग्राहकाचा खाते क्रमांक, ई म्हणजे नवी घटना, १३० म्हणजे घरफोडी, ०१ पार्टिशन (यंत्रणेचा भाग), ००३ झोन (त्यातली नेमकी जागा). मिळाल्याची पोच म्हणून कॉम्प्युटर एकच बाइट परत पाठवतो, हेक्समधला ०६.

काहीच घडत नसलं तरी रिसीव्हर हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा संदेश, पाठवत राहतो, सहसा दर ३० सेकंदांनी. त्यालाही पोच लागते. ती आली नाही तर रिसीव्हर पुन्हा पाठवून पाहतो आणि शेवटी स्वतःच बझर वाजवून ऑपरेटरला जागं करतो. हा हार्टबीट सेटिंगमधून बंदही करता येतो. कटकट नको म्हणून तसं करणाऱ्या माणसाला मी कंट्रोल रूमच्या आसपास फिरकू देणार नाही.

या साच्यात चेकसम (संदेश वाटेत बिघडला का ते ओळखायचा आकडा) नाही आणि अनुक्रमांकही नाही. पोच वाटेत हरवली की तोच अलार्म पुन्हा येतो आणि घटना एक की दोन, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते चालून जाईल. खाते क्रमांकातला एक आकडा बिघडला तर मात्र गार्ड भलत्याच दारात उभा राहतो. रॅकमधल्या हातभर आरएस-२३२ (सीरियल) वायरवर असं क्वचितच होतं. तिथे जास्त छळतो तो यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर: दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज त्याला बरेचदा नवा कॉम नंबर (सीरियल पोर्टचा क्रमांक) देतं.

डीसी-०९ हे अमेरिकेतल्या सिक्युरिटी इंडस्ट्री असोसिएशनचं आयपी नेटवर्कसाठीचं मानक. मुळात ते पॅनेल (ग्राहकाकडचं अलार्मचं यंत्र) ते रिसीव्हर या टप्प्यासाठी आहे, पण काही सॉफ्टवेअर रिसीव्हर तोच साचा पुढे कॉम्प्युटरकडेही पाठवतात. यात सीआरसी (चेकसमचाच एक प्रकार), संदेशाची लांबी आणि ०००१ ते ९९९९ असा अनुक्रमांक असतो. तोच क्रमांक परत आला की पुनरावृत्ती ओळखता येते. उत्तरं तीन प्रकारची: एसीके म्हणजे मिळालं, एनएके म्हणजे वेळ जुळत नाही, आणि डीयूएच म्हणजे मिळालं पण मला हाताळता येत नाही. हे तिसरं उत्तर मला फार आवडतं. बिघाड वायरीत आहे की सेटिंगमध्ये, हे त्यातून लगेच उमगतं. हार्टबीटचं काम ‘नल’ संदेश करतो आणि हवं तर एईएस एन्क्रिप्शनही (संदेश सांकेतिक करून पाठवणं) लावता येतं.

एन्क्रिप्शन लावलं की प्रत्येक संदेशात वेळ येते आणि ती जीएमटी असावी लागते. मुभा फार थोडी: ४० सेकंद मागे, २० सेकंद पुढे. आपल्याकडे कुणी भारतीय वेळच भरली तर फरक साडेपाच तासांचा, आणि प्रत्येक संदेश एनएके खाऊन परत येतो. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय, आधी लावून घ्या.

रिसीव्हर आणि सर्व्हर एकाच रॅकमध्ये असतील आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर सर-गार्ड घ्या, पैसे वाचवा. सर्व्हर दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर जाणार असेल तर डीसी-०९, तेही एन्क्रिप्शनसकट.

एक गोष्ट मात्र कुठलाच साचा सांभाळत नाही. सॉफ्टवेअरने पोच द्यायची ती संदेश डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावर. आधीच पोच देऊन टाकली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर रिसीव्हरच्या लेखी काम झालेलं असतं आणि अलार्म कुठेच उरत नाही. म्हणून डेमोच्या वेळी विक्रेत्यासमोर टेस्ट सिग्नलची रांग लावा, मधेच सर्व्हरचा प्लग ओढा आणि पुन्हा सुरू झाल्यावर रिसीव्हरचा लॉग नि सॉफ्टवेअरची यादी ओळीने ताडून पाहा.