मुसाशी की मुनेनोरी: आधी कोणाला वाचावं?

मियामोतो मुसाशी आणि याग्यू मुनेनोरी हे जपानचे दोन तलवारबाज आणि लेखक एकाच काळातले. मुसाशी १६४५ मध्ये वारला, मुनेनोरी पुढच्याच वर्षी. मुनेनोरी तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांचा, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांचा तलवारगुरू. हिदेतादा आणि इएमित्सू त्याच्याकडे शिकले आणि १६३६ मध्ये तो दाइम्यो, म्हणजे मोठा सरदार झाला. झेन या बौद्ध पंथाचा भिक्षू ताकुआन याच्या सहवासामुळे त्याच्या लेखनात मनाचा विचार खोलवर आहे: मन कशातही गुंतलं की हात अडखळतो. एका दुष्टाला मारून अनेकांना जगवणारी तलवार, ही त्याची कल्पना राज्यकर्त्यासाठीच आहे.

मुसाशीला असा दरबार बराच काळ लाभला नाही. तेराव्या वर्षी पहिलं द्वंद्व, तिशीच्या आत साठाहून अधिक आणि एकही हार नाही, असं तो स्वतः लिहितो. मला मात्र त्याचं पुढचं वाक्य जास्त भिडतं. तिशीत त्याने मागे वळून पाहिलं आणि मान्य केलं की हे विजय आपल्या पूर्ण प्रभुत्वाचे नव्हते. मग पन्नाशीपर्यंत शोध चालू राहिला. १६४३ मध्ये कुमामोतोजवळच्या रेइगान गुहेत लिहायला घेतलेल्या 'गोरिन नो शो' (पाच वलयांचा ग्रंथ) या आपल्या पुस्तकात तो सुताराचा दाखला देतो: सरळ, बिनगाठीचं लाकूड दर्शनी खांबाला, गाठाळ पण भक्कम लाकूड मागच्या खांबाला. मुकादमाने माणसंही अशीच पारखून कामाला लावावीत.

मुनेनोरी समजायला झेनची थोडी तरी ओळख हवी, म्हणून सुरुवात मुसाशीपासून करावी. तोही सोपा नाही. नीट तपासा, सराव करा, असं तो जागोजागी बजावतो.