जुन्या चर्चच्या दुरुस्तीसाठी घेतलेली संवर्धन सल्लासेवा

आमच्या चर्चची इमारत वारसा म्हणून संरक्षित असल्याने परवानगीशिवाय भिंतींना हात लावता येत नव्हता, म्हणून आम्ही संवर्धनाचे काम करणाऱ्या वास्तुविशारदांची सेवा घेतली. प्रत्येक नियमामागचे कारण समजावून सांगण्याची त्यांची हातोटी मला सर्वाधिक भावली. पूर्वी कोणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले होते. ओल सांध्यांतून बाहेर पडू न शकल्याने दगडांतून वाट काढत होती, तिच्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागाजवळ साचत होते आणि दगडाचे पापुद्रे बोट लावताच सुटत होते. गवंड्यांनी ते सिमेंट छिन्नीने, दगडाच्या कडांना धक्का न लावता काढले आणि ते सांधे चुन्याने भरले. बदललेले मोजके दगड जवळून वेगळे ओळखू येतात, मात्र लांबून खटकत नाहीत; वारसा वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या १२ व्या कलमाची अपेक्षा नेमकी हीच आहे.

जुने बाक काढून सभागृहासारखी मोकळी जागा करण्याची आमची मागणी वास्तुविशारदांनी स्पष्टपणे नाकारली. इमारतीचा उपयोग व्हावा, पण त्यासाठी तिची मांडणी बदलू नये, ही भूमिका काहींना जाचक वाटली. मला ती पूर्णपणे पटते.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र सेवा कमी पडली. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे अपुरी असल्याने अर्ज परत आला, आणि इमारतीची नोंद करणाऱ्या आराखड्यांचे शुल्क वेगळे असल्याचे आम्हाला फार उशिरा कळवण्यात आले.