तार तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची?

शेतावरच्या नव्या घरासाठी आणि विहिरीवरच्या मोटारीसाठी तार घेताना एका स्नेह्यांनी दोन्ही वेटोळी हातात तोलून पाहिली आणि जड ती चांगली, असे ठरवून टाकले. निष्कर्ष अगदीच चुकीचा नाही, पण वजन कशामुळे वाढते हे आधी पाहायला हवे. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, तर अ‍ॅल्युमिनियमची २.७० ग्रॅम आहे, त्यामुळे २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या १०० मीटर तारेत, आवरण वगळता, तांबे सुमारे २.२४ किलो भरते आणि अ‍ॅल्युमिनियम जेमतेम ६७५ ग्रॅम.

परंतु समान जाडीची ही तुलना फसवी आहे, कारण अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्याने तेवढाच रोध राखण्यासाठी सुमारे १.६ पट छेदाची तार घ्यावी लागते. तरीही तिचे वजन १.१ किलोच्या आसपास, म्हणजे तांब्याच्या निम्मेच राहते. शिवाय किलोमागे अ‍ॅल्युमिनियम बरेच स्वस्त पडते. उच्चदाबाच्या वाहिन्यांत पोलादी गाभ्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तारा गुंफतात, त्या याच हिशेबाने.

टिकाऊपणात मात्र तांबे सरस. अ‍ॅल्युमिनियमवर विद्युतरोधक ऑक्साइडचा थर चटकन चढतो आणि स्क्रूच्या दाबाखाली धातू हळूहळू सरकत असल्याने जोड सैल पडून तापतात. म्हणून असंख्य जोडांच्या घरगुती वायरिंगला तांबेच घ्यावे. खांबापासून मोटारीपर्यंतच्या लांब, सरळ अंतराला योग्य जाडीची अ‍ॅल्युमिनियम केबल पुरते, फक्त तिची टोके तांब्याला थेट जोडू नयेत.