ग्लेनकोमध्ये एक दिवस फोटोग्राफी गाईड घेतला, पैसे वसूल झाले का?

स्कॉटलंडला निघालेले ओळखीतले बरेच जण विचारतात की ग्लेनकोला फोटो काढायला खास गाईड कशाला हवा, बुअखल एटिव्ह मोर या डोंगराचा तो फेमस स्पॉट तर मॅपवर टाकला की सापडतो. खरंय, सापडतो. ग्लासगोहून ए ८२ हा हायवे पकडायचा, रॅनक मूर हा दलदलीचा उघडा माळ ओलांडून पुढे ग्लेन एटिव्हच्या फाट्याला वळायचं, गाडी लावून थोडं चाललं की कूपल नदीचे छोटे छोटे धबधबे आणि मागे तो अख्खा त्रिकोणी डोंगर. मी आणि नवऱ्याने तरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पैसे भरून गाईड घेतला, आणि मी त्याला ५ पैकी ४ देईन. नाव टाकत नाहीये, कारण एक-दोन तक्रारीही आहेत आणि माणूस एकटाच धंदा चालवतो. पण अशा टूर करणारे तिथे बरेच आहेत, त्यामुळे हे वाचून तुम्हाला काय विचारायचं ते कळेल.

आधी हवामानाचं सांगते कारण सगळे पैसे तिथेच वसूल झाले. हा डोंगर रॅनक मूरच्या कडेला एकटा उभा आहे, उंची १०२० मीटरच्या आसपास, पश्चिमेला अटलांटिक जवळ, त्यामुळे पाऊस, ऊन, धुकं, गारा हे सगळं एका सकाळीच बघायला मिळतं. आदल्या रात्री गाईडचा मेसेज आला, त्यात माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज होता. हे लोक नुसता पाऊस किती ते सांगत नाहीत, शिखरं ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, वारा किती आणि त्यात चालणं कितपत अवघड, तापमान शून्याला किती उंचीवर पोचतं, असं सगळं देतात. अंदाज सरींचा होता आणि मला वाटलं आता हा कॅन्सल करणार, तर खाली लिहिलेलं की उद्या मस्त दिवस आहे, लेन्स पुसायला चार-पाच कापडं आणा. त्याचं म्हणणं असं की निळंभोर आकाश असेल त्या दिवशी हा डोंगर सपाट दिसतो, सरी असतील तरच त्याच्या घळी आणि कडे एकेक करून उजळतात. आता हे मला शंभर टक्के पटलंय.

सूर्य तेव्हा साडेसातच्या सुमारास उगवतो, आम्ही सात वाजताच नदीकाठी ट्रायपॉड लावून उभे. उन्हाचा पत्ता नाही, डोंगराचाही नाही, समोर नुसती करडी भिंत. आमच्यासोबत आणखी दोघं होते, ते म्हणाले इथे काही होणार नाही, पुढच्या स्पॉटला जाऊ. गाईड म्हणाला, "अजिबात हलू नका, मागे बघा." मागे म्हणजे मूरकडे, आग्नेयेला ढगाखाली एक पिवळी फट होती. म्हणजे उजेड आमच्या डाव्या खांद्यामागून येणार आणि पाऊस समोरून, पश्चिमेकडून. त्याने तेवढ्यात सगळ्यांचे पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कमी करणारा फिरता फिल्टर) तपासले आणि सांगितलं की इंद्रधनुष्य आलं तर रिंग हळूहळू फिरवा, एका बाजूला ते गडद होतं आणि दुसऱ्या बाजूला चक्क पुसून जातं, लोक हे विसरतात आणि घरी जाऊन रडतात.

आणि आलं हो! आधी डावीकडची धार उजळली, मग मधले कडे. हा खडक ऱ्हायोलाइट, जुन्या ज्वालामुखीचा, एरवी काळपट राखाडी दिसतो पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्यावर असा गुलाबी-तांबूस रंग चढतो की फोटोत कोणी दाखवला असता तर मी म्हटलं असतं एडिट केलंय. उजवीकडच्या घळी अजून काळ्याच, आणि डोंगराच्या बरोबर उजव्या अंगाला इंद्रधनुष्याचा पाय टेकलेला. मी रिंग फिरवली, रंग गायब. उलटी फिरवली, परत आले, आणखी घट्ट होऊन. हे सगळं पाच मिनिटंसुद्धा टिकलं नसेल, पुढची सर आली आणि परत करडी भिंत. आम्ही दोघं एकटे असतो तर सव्वासातलाच गाडीत बसून हीटर लावला असता, हे मी खात्रीने सांगते. स्पॉट मॅप दाखवतो, पण थांबायचं कधी आणि कुठल्या दिशेला बघत थांबायचं हे ज्याने तिथे वर्षं काढलीत तोच सांगू शकतो, आणि मी पैसे त्याचेच दिले असं मानते.

शिकवण्याची पद्धत चांगली वाटली. मॅन्युअल मोडवर लेक्चर वगैरे नाही, प्रत्येकाच्या मागे येऊन एकच गोष्ट सांगायचा. मला म्हणाला धबधब्याचं पाणी पार दुधासारखं करू नका, अर्धा सेकंद ठेवा म्हणजे पाण्याच्या रेषा राहतात. नवऱ्याला आकाश पांढरंफटक पडणार नाही एवढं एक्स्पोजर कमी करायला लावलं, काळोखे भाग नंतर एडिटमध्ये उजळता येतात म्हणे, आणि हिस्टोग्राम (फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख) बघायची सवय लावली. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग गडद असलेले, आकाशाचा उजेड कमी करणारे) त्याच्याकडचे वापरायला दिले, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सोबतच्या दोघांपैकी एकाकडे फक्त मोबाईल होता, त्यालाही तेवढाच वेळ दिला, हे मला फार आवडलं.

आता तक्रारी. पहिली म्हणजे धबधब्यापाशी त्याने चौघांनाही एकाच खडकामागे, ट्रायपॉडला ट्रायपॉड लावून उभं केलं. तोच फोटो जगभरातल्या लोकांनी काढलाय, चौघांचे फोटो समोरासमोर ठेवले तर कोणाचा कुठला ओळखू येणार नाही. थोडं वरच्या बाजूला नदी वळते तिथे गवत पार नारिंगी झालेलं, मी मागून स्वतःच तिकडे गेले आणि माझा सगळ्यात आवडता फोटो तिथला आहे. गाईडने हे सुचवायला हवं होतं. शिवाय त्या फेमस खडकापाशी सगळे तिथेच उभे राहून राहून नुसता चिखल झालाय.

दुसरी तक्रार दुपारची. दहानंतर आम्ही ऑल्टनाफीडला गेलो, तिथून लॅगनगार्व्हचं ते पांढरं छोटं घर आणि मागे डोंगर, हे छानच, ढग खाली उतरला की पांढऱ्या घरामुळे डोंगराचा आकार केवढा आहे ते कळतं. पण नंतर रॅनक मूरवर लोखान ना हाक्लाश या तळ्यावर नेलं, तिथे एवढा वारा की पाण्यात प्रतिबिंब नावालाही नाही, आणि हे निघतानाच माहीत होतं. प्रोग्रॅममध्ये लिहिलंय म्हणून नेलं. सकाळी ज्या माणसाने हलू नका म्हणून सांगितलं त्यानेच दुपारी घड्याळाकडे बघून हलवलं, हे खटकलं. साडेचारच्या आत सूर्य मावळतो, दिवस आधीच एवढासा, त्यात तो दीड तास जाणं परवडत नाही.

माणशी २०० पौंडांच्या थोडं वर पडलं, जेवण आपलं आपण. रुपयात हिशोब केला तर जास्त वाटेल, पण पूर्ण दिवस, गाडी त्याची आणि ग्रुप चौघांचा, त्यामुळे मला ठीक वाटलं. दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर मात्र घेऊ नका, त्या नदीकाठी तेवढी जागाच नाही.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर एक सांगते, ग्लेन एटिव्हचा रस्ता एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच रुंद आहे आणि मध्ये मध्ये जी जागा सोडलीय ती समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला असते, तिथे पार्किंग करायचं नाही, तरी लोक करतात आणि मग मागे सगळं अडतं. बूट गुडघ्यापर्यंतचे रबरीच घ्या, जमीन पीटची (कुजलेल्या झाडपाल्याची, ओली भुसभुशीत) आहे, वरून गवत दिसतं आणि पाय घोट्याच्या वर आत जातो. उन्हाळ्यात बुकिंग करणार असाल तर सूर्योदय साडेचारच्या आसपास असतो, तेव्हा हॉटेलवरून किती वाजता उचलणार ते आधीच लेखी घ्या, आणि मिजेस नावाचे बारीक चावरे किडे असतात, वारा पडला की ढगासारखे येतात, त्यांच्यासाठी डोक्यावरची जाळी गाईड देतो का तेही विचारा. आमच्यावाला देतो म्हणाला, पण नोव्हेंबरमध्ये ते किडे नसतात म्हणून वापरायची वेळ आली नाही.